पाणी मुरतं कुठे आणि मिळतं कुणाला?

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी झालं. पाणलोटाचा विषय या आकड्यापासून सुरू केला की पटकन कळतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातलं, म्हणजे पुरंदर, बारामती, इंदापूरकडचं एखादं गाव डोळ्यांपुढे आणा. शिवार एक हजार हेक्टर, पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटर. एवढ्या शिवारावर वर्षभरात ५०० कोटी लिटर पाणी पडतं. गावाची लोकसंख्या दीड हजार धरली आणि माणशी रोज ५५ लिटर दिले, तर वर्षाची घरगुती गरज भरते साधारण तीन कोटी लिटर. पडणाऱ्या पावसाच्या एक टक्काही नाही. तरीही अशाच गावांत मार्च सरत आला की टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे रांगेला लागतात.

मधलं पाणी जातं कुठे? बराचसा हिस्सा उन्हानं आणि झाडाझुडपांतून हवेत परत जातो, त्याला इलाज नाही. पण उरलेल्यातलं पुष्कळ पाणी चार-दोन मोठ्या पावसांत, अवघ्या काही तासांत डोंगरावरून सुटतं आणि ओढ्यानं गावाबाहेर पडतं. परतीचा पाऊस कसा कोसळतो हे पुणेकरांना सांगायला नको. तासाभरात ५० मिलिमीटर पडला, तर उघड्याबोडक्या हेक्टरभर उतारावर पाच लाख लिटर पाणी ओततो. ते पाणी जाताना वरची माती घेऊन जातं. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि ती दोन-चार पावसाळ्यांत ओढ्याला लागते. मागे उरतो मुरूम. त्यावर गवत धरत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पाणी आणखी जोरात पळतं. जमीन नापीक होत जाते, तिच्याबरोबर गाव गरीब होत जातं, आणि गरिबीपायी उरलंसुरलं झाड तोडलं जातं, उरलंसुरलं गवत चरून संपतं.

या चक्राला आडवं जायचं काम म्हणजे पाणलोट विकास. जेवढ्या जागेवर पडलेलं पाणी शेवटी एकाच ओढ्याला येऊन मिळतं, तेवढी सगळी जागा मिळून एक पाणलोट होतो. त्याची हद्द डोंगराची धार ठरवते, तलाठ्याचा नकाशा नाही. दिवे घाट चढून गेलात की तुम्ही अशाच एका धारेवर उभे असता. अलीकडे पडलेला थेंब मुळा-मुठेकडे जातो, पलीकडे पडलेला कऱ्हेकडे, आणि दोघांची गाठ पुढे भीमेत पडते. मोठ्या नदीचा पाणलोट लाखो हेक्टरांचा असतो. पण लोकांनी मिळून काम करायचं तर पाचशे-हजार हेक्टरांचा, एखाद-दुसऱ्या गावापुरता पाणलोट बरा. माणसं एकमेकांना ओळखतात आणि वर केलेल्या कामाचा खाली झालेला परिणाम त्याच हयातीत दिसतो.

आता जमिनीखाली काय आहे तेही पाहू, कारण पुढची अर्धी भांडणं तिथूनच उगवतात. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. वाळूत असतात तशा पोकळ्या या खडकात नाहीत. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या पाषाणातल्या भेगांत. म्हणून आपल्याकडचा भूजलाचा साठा उथळ आणि तुटक आहे. चांगल्या पावसानं लवकर भरतो, उपसा वाढला की तितक्याच लवकर संपतो. पावसाचा जेमतेम दहा टक्के हिस्सा, कित्येक ठिकाणी त्याहूनही कमी, आपोआप खाली उतरतो. चाळीस-पन्नास फुटांची विहीर आटली म्हणून कुणी पाचशे फूट बोअर मारतं, तेव्हा नवं पाणी सापडतंच असं नाही. बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाणारी भेगच कापली जाते. गावाचं भूजल ही सगळ्यांची मिळून एक कणगी आहे. विहिरी वेगवेगळ्या बांधांत दिसल्या तरी ती कणगीला प्रत्येकानं आपापल्या बाजूनं पाडलेली भोकं आहेत. भूजलाचा हा स्वभाव समजावून सांगणाऱ्या दोन महत्त्वाच्या संस्था पुण्यातच आहेत. एक सरकारी, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, आणि दुसरी बिगरसरकारी, ॲक्वाडॅम. सरकारी यंत्रणा राज्यभरातल्या ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. गावकऱ्यांनी ते आकडे मागून घ्यावेत, फार कमी गावं मागतात.

प्रत्यक्ष काम माथ्यावरून सुरू करायचं असतं. कार्यकर्ते याला ‘माथा ते पायथा’ म्हणतात. डोंगरावर सगळ्यात आधी सलग समतल चर येतात. समतल म्हणजे चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उंची तीच हवी. डोंगराच्या उतारावर नुसत्या डोळ्यांनी हे ओळखता येत नाही. त्यासाठी गावोगाव एक साधं यंत्र वापरतात, हायड्रोमार्कर. आकडे टाकलेल्या दोन उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणारी लांब पारदर्शक नळी आणि नळीत पाणी. एक जण पट्टी धरून जागेवर उभा राहतो. दुसरा उतारावरून आडवा काही पावलं चालत जातो आणि पट्टी घेऊन थोडा वर, थोडा खाली होत राहतो. दोन्हीकडचं पाणी एकाच आकड्यावर टेकलं की ‘थांब’ अशी हाक येते आणि पायाशी चुन्याची फक्की पडते. असे ठिपके जोडत गेलं की डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळत गेलेली रेषा मिळते. त्या रेषेवर सुमारे दोन फूट रुंद, एक फूट खोल चर खणायचा आणि निघालेली माती खालच्या अंगाला लावायची. अशा मीटरभर चरात १८० लिटर पाणी मावतं, आणि एका पावसाळ्यात चर कितीतरी वेळा भरतो नि रिता होतो. रेषा वीतभर चुकली तर मात्र पाणी एका टोकाला धावतं, तिथून चर फोडतं आणि नवी घळ पाडतं. शाळा अर्धवट सुटलेली पोरंसुद्धा हे यंत्र अर्ध्या दिवसात शिकतात आणि मग चुकीची आखणी झालेला चर लांबून ओळखतात. गावाला इंजिनिअरच्या बरोबरीनं बोलण्याचं बळ पहिल्यांदा येतं ते इथे.

चरांच्या खाली, ओघळींच्या तोंडाशी, जागेवरच्या दगडांचे अनगड बांध. मग शेतांची बांधबंदिस्ती. त्यानंतर मोठ्या ओघळींना जाळीतले दगडी बंधारे, आणि अगदी शेवटी ओढ्यावर माती नाला बांध किंवा सिमेंटचा बंधारा. हा क्रम उलटा केला तर काय होतं ते अनेक गावांत उभं आहे. आधी बंधारा बांधला, डोंगर तसाच उघडा राहिला, आणि दोन-तीन पावसाळ्यांत बंधारा गाळानं काठोकाठ भरला.

ओढ्यात यंत्र घालून खोलीकरण करण्याबद्दल मला थोडं अधिक बोलायचं आहे, कारण गेल्या दहा वर्षांत पाणलोट म्हणजे तेच, असा समज पसरला आहे. साचलेला गाळ काढणं योग्य आहे. पण गाळ संपून मुरूम लागला तरी पोकलेन थांबत नाही. वर सांगितलं तसं, पाणी साठवणारा थर हाच मुरमाचा आहे. तो खरवडून खाली पाषाण उघडा केला की गावाचं कोठारच फोडलं जातं. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्या चराकडे पाझरतं आणि उन्हात वाफ होऊन जातं. पहिल्या पावसानंतर निळंशार पाणी भरलेला लांबच लांब नाला फोटोत फार देखणा दिसतो. डोंगरावर खणलेला चर फोटोत दिसतच नाही. यंत्राचं भाडं तासावर मिळतं, बिल लवकर निघतं, आणि डोंगरावर महिनोन्‌महिने माणसं जमवावी लागत नाहीत. खोलीकरण लोकप्रिय होण्यामागे ही कारणं आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

इथवर जे सांगितलं ते सगळं पैसे आणि तंत्रज्ञ असले की होण्यासारखं आहे. मग लोकांनीच पुढाकार घ्यायला हवा, असा आग्रह कशासाठी? कारण पाणलोटात कष्ट वर पडतात आणि पाणी खाली निघतं.

डोंगरमाथ्यावरची जमीन बहुधा गायरान, वनखात्याची किंवा गरिबांची पडीक असते. तिचा वापर करतो मेंढपाळ, शेळ्या राखणारी म्हातारी, सरपण आणणाऱ्या बाया. चर खणले, रोपं लावली की तिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करावीच लागते, नाहीतर गवत उगवणारच नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून नुकसान यांचं. आणि दोन-तीन वर्षांनी पाण्याची पातळी वाढते ती पायथ्याच्या विहिरींत. त्या विहिरी असतात ओढ्याकाठच्या चांगल्या जमिनीच्या मालकांच्या. भूमिहीनाला विहीरच नाही. म्हणजे गरिबानं सोडलेल्या चराईवर बागायतदाराचं दुसरं पीक उभं राहिलं, असं सहज होऊ शकतं आणि अनेक ठिकाणी झालंही आहे. सरकारी आदेशानं चराईबंदी लादली तर रात्री शेळ्या आत जातात, राखणदाराशी मारामाऱ्या होतात आणि दोन वर्षांत डोंगर होता तसा होतो. टिकते ती फक्त समजुतीनं झालेली बंदी, आणि समजूत होते ती सोडणाऱ्याच्या हाती काही पडलं तर.

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर तालुक्यात दरेवाडी आहे. १९९० च्या दशकात हे गाव उन्हाळ्यात टँकरवर जगायचं. तिथे पाणलोटाचं काम ठरलं तेव्हा सगळ्यात मोठा विरोध मेंढपाळांचा होता, आणि तो रास्त होता. बरीच बोलणी झाली. सगळा डोंगर एकदम बंद न करता बंदी टप्प्याटप्प्यानं घालायची, असा मार्ग निघाला. १९९६ ते २००१ या काळात कामं झाली. शेतीत मजुरी मिळण्याचे दिवस आधी वर्षातून तीन-चार महिने होते, ते नऊ-दहा महिन्यांवर गेले. गरिबी कमी होण्याचं खरं माप मला हे वाटतं. कारण मजुरी ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याही घरात जाते.

दरेवाडीचं काम ज्या कार्यक्रमात झालं, त्याचं नाव इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. पैसा जर्मनीचा, व्यवस्था नाबार्डची, आणि मूळ कल्पना होती फादर हर्मन बाखर या स्वित्झर्लंडहून येऊन महाराष्ट्रात हयात घालवलेल्या जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंची. त्यांनी आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी केली; तिचं मुख्यालय आज पुण्यात आहे. या कार्यक्रमाची शिस्त कडक होती. गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत मान्य करायची, मगच पैशाचं बोलणं. प्रत्येक गट नंबरात शेतकऱ्याला, शक्यतो नवरा-बायको दोघांना, सोबत घेऊन फिरायचं आणि बांध कुठे, झाड कुठे, हे त्यांच्याच तोंडून ठरवायचं. पैसे गावाच्या पाणलोट समितीच्या खात्यात. श्रमदानाच्या वाट्यातून भूमिहीन आणि एकट्या बाईच्या घराला सूट. मला यातली सूट फार मोलाची वाटते. ज्याला रोजच्या मजुरीवर चूल पेटवायची आहे, त्याच्याकडून फुकटची चार दिवसांची मजुरी मागणं हा लोकसहभाग नव्हे.

गावात पैसा कोणत्या क्रमानं येतो तेही पाहण्यासारखं आहे. पहिल्या वर्षी मजुरी येते, चर खणण्याची. दुसऱ्या पावसाळ्यात गवत येतं. बंद केलेल्या डोंगरावर पवना, मारवेल अशी गवतं परत दिसायला लागतात आणि कापून नेण्याचा हक्क ग्रामसभा वाटून देते. गवत आलं की दुभतं जनावर परवडतं आणि दुधाचा पैसा दर आठवड्याला हातात पडतो. त्यावर बहुधा घरातल्या बाईचा थोडा तरी ताबा असतो. विहिरींची पातळी वाढून रब्बीचं पीक निघायला त्यानंतर आणखी एक-दोन वर्षं लागतात. तोवर धीर धरायला लावतं ते दूधच. आणि रब्बी उभी राहिली की दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाणारा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, गावात राहायचा विचार करू शकते. पोरांची शाळा मधेच सुटत नाही. सकाळी वारज्याच्या मजूर अड्ड्यावर उभ्या असलेल्यांना गाव विचारून बघा. कोरडवाहू गावांची नावं एकामागून एक ऐकायला मिळतील.

पाणी वाटायचं कसं, याचं सगळ्यात धीट उत्तर पुणे जिल्ह्यातच दिलं गेलं. विलासराव साळुंखे पुण्यातले इंजिनिअर आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी पुरंदर तालुका पाहिला आणि ते तिथेच गुंतले. नायगावला देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन भाडेपट्ट्यानं घेऊन त्यांनी बांध घातले, पाझर तलाव केला, आणि जिथे काही उगवत नव्हतं तिथे पिकं काढून दाखवली. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झालं आणि त्यातून पुढे आली पाणी पंचायत. तिचे नियम आजही वाचताना थांबायला लावतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणसांच्या प्रमाणात द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. मग जमीन पन्नास एकर असली तरी तेवढंच. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाणी विकलं जात नाही; ते गटाकडे परत जातं. योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा लाभार्थ्यांनी उचलायचा. आणि ऊस लावायचा नाही. बांधावरच्या विहिरीचं पाणी आपल्या बापाचं, असं मानणाऱ्या समाजात हे नियम काही गावांनी स्वखुशीनं पाळून दाखवले, ही महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासातली मोठी गोष्ट आहे. साळुंखे २००२ मध्ये गेले. सरकारी धोरणात त्यांचं माणशी पाण्याचं तत्त्व कधीच पुरतं शिरलं नाही.

उसाचा मुद्दा वरच्या गणितात घालून पाहा. पाट पाण्यावर एक हेक्टर उसाला वर्षाला दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागतं. रब्बी ज्वारी हेक्टरी ३० ते ४० लाख लिटरांत निघते आणि त्यातलंही बरंचसं जमिनीतल्या ओलीतून घेते. आपल्या कल्पनेतल्या गावाच्या ५०० कोटींपैकी दहा टक्के, म्हणजे ५० कोटी लिटर भूजलात उतरलं असं धरा. वीस-पंचवीस हेक्टर उसात ते सगळं संपतं. शिवार हजार हेक्टरांचं आहे हे ध्यानात ठेवा. डोंगरभर चर खणून, गावानं घाम गाळून हा साठा दीडपट केला, तरी आणखी दहा-बारा हेक्टर ऊस तो गिळू शकतो, आणि गाव पुन्हा टँकरवर येतं.

हिवरे बाजारनं ही गोष्ट ओळखली. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, १९९० पासून, त्या गावानं रोजगार हमीतून आणि पुढे आदर्श गाव योजनेतून डोंगर बांधून काढला. त्याचं कौतुक सगळे करतात. पण तितकंच मोठं काम ग्रामसभेतल्या नियमांचं आहे. सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही. २००४ पासून गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती झाला, विहिरींत किती आलं, माणसांना आणि गुरांना किती ठेवायचं, आणि उरलेल्यात कोणतं पीक किती बसेल. पाऊस कमी झाला तर रब्बीचं क्षेत्र कमी. वाचायला सोपं वाटतं. पण कांद्याचा भाव चढा असताना, विहिरीत पाणी दिसत असताना, ‘यंदा लावू नकोस’ असं सख्ख्या भावकीला ग्रामसभेत सांगायचं आणि तिनं ते ऐकायचं, याला वर्षानुवर्षांचा विश्वास लागतो. कायदाही आहे. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानुसार ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत. बोअरची गाडी रात्रीतून शिवारात येऊन दोन-तीनशे मीटर खोल जाऊन निघून जाते, तेव्हा तो कायदा कागदावर असतो. तिला अडवू शकतं ते गावच.

अलीकडे यात एक नवी अडचण आली आहे, प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांची. पावसाचं वाहतं पाणी तळ्यात घेतलं तर उत्तम. पण पुष्कळ ठिकाणी पावसाळ्यात विहिरीतून आणि बोअरमधून उपसून ही तळी भरली जातात. मुरलेलं, सामाईक पाणी वर काढून एकाच्या मालकीचं केलं जातं, आणि त्यातलं बरंच उन्हाळ्यात वाफ होऊन जातं. फळबाग जगवणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, त्याच्यावर कर्ज आहे. गावात ताळेबंदच मांडलेला नसेल तर प्रत्येक जण आपापली सोय बघणार.

पुण्यातल्या अनेक कंपन्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामांसाठी बाजूला काढलेल्या निधीतून, अशा कामांना पैसे देतात, सोसायट्या वर्गणी काढतात, तरुण मंडळी सुट्टीत श्रमदानाला जातात. जरूर द्यावेत, जरूर जावं. देण्याआधी गावात थोडं फिरून विचारावं. कामाची सुरुवात डोंगरावरून आहे की ओढ्यातून? उन्हाळ्यात कोणती पिकं उभी असतात आणि कुणाच्या शेतात? चराईबंदीनं ज्यांच्या शेळ्या विकल्या गेल्या, त्यांना बदल्यात काय मिळालं? समितीत बाया किती आहेत आणि त्या बैठकीत बोलतात का? आणि देखभालीचा निधी कोणत्या खात्यात आहे, त्यावर सह्या कुणाच्या चालतात, गेल्या वर्षी त्यातून कोणता बांध दुरुस्त झाला? हे प्रश्न सरपंचांना विचारा, तसेच एखाद्या मेंढपाळाला आणि एखाद्या भूमिहीन बाईलाही विचारा. तिघांची उत्तरं जुळली, तर पैसे द्यायला हरकत नाही.